अडीच की तीन

हॉगनने आधी क्लॅरिनेट पाहिलीच नाही.
म्हणाला, दात दाखव.

साठीला टेकलेली बाई मी,
डुलूथच्या सुपीरियर स्ट्रीटवर, जानेवारीत, उणे बावीस,
बुटांचं मीठ त्याच्या पायपुसण्यावर झडतंय
आणि मी आ वासून उभी
एका नव्वदीच्या वाद्यदुरुस्तीवाल्यासमोर,
बैलबाजारात उभं केल्यासारखी.

"वरचा डावा पुढे आलाय. म्हणजे तू वाकडं फुंकतेस.
फुंक. वाकडं फुंकणारे पुष्कळ पाहिलेत मी.
आता माउथपीस."

माउथपीस त्यानं भिंगाखाली धरला, जुन्या नाण्यासारखा फिरवला.
"याचं तोंड फार उघडं. त्याला तू जाड रीड लावतेस,
मग आधी हवा येते,
सूर मागून कधीतरी, टपालानं.
तीन नंबर तुला कुणी सांगितला?"

कुणीच नाही.
बँडमधे शेजारच्या खुर्चीतली मार्गिट तीन वाजवते.
मला वाटलं, अडीच म्हणजे नापास,
अडीच म्हणजे मागचा बाक.

"हा आकडा मार्कांचा नाही," तो म्हणाला, "चपलेचा आहे."

मग दहाचं खोकं फुटलं.
एकेक रीड पाण्यात बुडवून खिडकीशी धरायची,
मधला गडद डोंगर पाहायचा,
दोन्ही खांदे सारखे उतरतात का.
पहिली फटफटली. दुसरी कोंडली.
तिसरी वरच्या जी-वर किंचाळली, बदक चेंगरल्यासारखी,
आणि आत कुठेतरी त्याचं कुत्रं उठून बसलं.
हीटरच्या हवेनं दोघींचं टोक लहरलं होतं
गच्चीवर विसरलेल्या पापडासारखं.
"लोणच्याची बरणी आहे घरी? ओला स्पंज घाल, त्यात ठेव."
लोणच्याची बरणी! माझ्या घरी!

तीन चालतील. चार घासल्या तर चालतील.
उरलेल्या तिन्हींवर त्यानं पेन्सिलीनं नावं लिहिली,
टोमॅटो, मिरची, टोमॅटो,
एप्रिलात कुंडीत खोचायला.

चौथी बरी होती, पण एका अंगानं अडखळायची.
क्लॅरिनेट ओठांत किंचित फिरवायला लावून त्यानं ऐकवलं,
इकडून मोकळी, तिकडून बंद.
काच, काचेवर सहाशे नंबरचा पॉलिशपेपर.
दोन घासे. फुंक.
एक घासा. फुंक.
अर्धा
आणि थांबला.
"काढलेलं परत चिकटत नाही.
माझे केस कापताना बायको हेच म्हणायची."
त्याच्या मानेवरचे केस आता कुणीतरी दुसरं कापतं,
मशिननं, सरळ रेषेत.

बेडकिहाळ मास्तर. कुरुंदवाड, इयत्ता तिसरी, कित्त्याचा तास.
वर्गाचे बोरू एका कलानं छाटून झाले
तेव्हा त्यांनी माझा हात पाहिला, डावा.
छडी टेबलावरच होती.
त्यांनी चाकू उलटा धरला.
टोक दुसऱ्या बाजूला उतरतं झालं
आणि माझा ळ पहिल्यांदाच
कागद न फाडता वळला.
मास्तर काही बोलले नाहीत, पुढच्या मुलाची शाई बघायला गेले.

हॉगनला हे सांगणार होते,
पण बोरूला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना,
आणि आठवेपर्यंत त्यानं बिल केलं:
अडीचचं खोकं, दात तपासणी फुकट.

पार्किंगमधे, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना आठवलं.
रीड.
रीडच म्हणतात.

परत आत गेले नाही. हात गारठले होते.

रात्री चौथी लावली, केसभर खाली सरकवून.
खालचा ई आला, जाडसर, जरा घोगरा,
झोपेतून उठवलेल्या माणसासारखा, पण आला.
तेवढ्यात कालव्यात मोसमातलं शेवटचं जहाज शिरलं असावं,
पुलाचा भोंगा लांबलचक वाजला.
आम्ही दोघं जुळत नव्हतो, पाव सुरानं.
कोण खाली होतं
ते मी तपासलं नाही.